स्थानिक नाव

रकाना पाचवा : स्थानिक नाव.
चौथ्यात लॅटिन आधीच छापून आलेलं,
सहाव्यात वजन, सातव्यात शेरा.
पाचवा तेवढा माझ्यावर सोडलेला.

पवईच्या काठाशी, जलपर्णी उपसणाऱ्या मशीनच्या पलीकडून
चैती वरठा येते ट्रकच्या ट्यूबवर बसून,
पाय पाण्यात, हातांचीच वल्ही.
मगरी आहेत ना इथे?
आहेत की, म्हणते. त्यांना पण त्यांची कामं असतात.

घमेल्यात ओतते : काळपट, रुंद, पाठीवर काट्यांचा कंगवा,
कल्ले उघडत-मिटत,
काही सांगता सांगता विसरल्यासारखे.

याला काय म्हणता?
चिलापी.
चिलापी म्हणजे?
ती बघते माझ्याकडे. मग जाळ्यातला शेवाळ काढू लागते.

कचेरीतल्या कपाटात एक जाड पुस्तक आहे,
वाळवीनं पुठ्ठा खाल्लेलं, आतला मजकूर शाबूत.
त्यात सापडलं मला एका दुपारी :
आफ्रिकेच्या दक्षिणेकडची त्स्वाना भाषा,
तिच्यातला शब्द, त्लापी.
अर्थ : मासा.
बस. मासा.

पुढचं पुस्तकात नाही, ते मीच बघतो :
एक नदी, वहीवाला एक साहेब,
आणि जाळं विणत बसलेला कुणी.
साहेब बोट दाखवतो, हे काय?
विणणाऱ्याला वाईट वाटतं,
एवढा मोठा माणूस, आणि याने मासा नाही बघितला कधी.
हळू आवाजात सांगतो, लहान पोराला सांगावं तसं :
मासा, बाबा. मासा.
साहेब लिहून घेतो. शेवटी लॅटिनची झालर लावतो.

मग ते नाव टाक्यांतून, पिंपांतून फिरत
इथल्या गोड्या पाण्यात आलं.
कोणी सोडलं, तो रकानाच नाही आमच्या तक्त्यात.
त-ला अडखळली कुणाची तरी जीभ,
टाळूला टेकली, आणि
च झाला.

चैती बोटं मोडते :
दांडवण. मुरी. शेंगटी. खवली.
आमची आई ह्यांचं कालवण करायची.
आता कुठे आहेत?
ती हनुवटीने दाखवते टॉवरांकडे, की पाण्याकडे,
मला नीट कळत नाही.
नावं तिच्याकडे उरलीत, मासे नाहीत.
आणि हा मासा तळंभर,
ज्याला नाव म्हणून मासाच म्हणतात.

घमेल्यातली एक ती उचलते,
अंगठ्याने जबडा जरा दाबते :
तोंडातून मोहरीएवढी पिल्लं सांडतात,
वीस, तीस, डोळेच डोळे.
अगं बाई, म्हणते, हिच्या तोंडात पोरं.
ओंजळीनं सगळी परत तळ्यात,
आईमागे पोरं.
पोरं तोंडात असली की ही खात नाही काही,
ठाऊक आहे तुला?
मला ठाऊक नव्हतं.
माझ्या खात्याला असेल.

चैतात जन्मले म्हणून चैती, ती सांगते न विचारता.
रेशनच्या बाबूला वाटलं मी अर्धंच नाव सांगते,
त्याने चैताली केलं. आता चाळीस वर्षं
साखर चैताली घेते.
तुझं काय नाव?
किरण, मी म्हणतो. गॅझेटातही तसंच आहे.
आधीची दोन भावंडं जगली नाहीत
म्हणून तिसऱ्याला केरात ठेवून उचललं,
केरू म्हणून हाक मारली मरणाला फसवायला,
हे नाही सांगत.
म्हणजे काय किरण? ती विचारते.
उजेड.
हं.

नमुने पाच. सरासरी वजन एकशे नव्वद ग्रॅम.
पाचव्या रकान्यात चिलापी लिहितो.
सातव्यात लिहितो, "आई परत सोडली",
मग खोडतो. कार्बनवर मात्र उमटलेलं राहतं.

चैती ट्यूबवर बसून वळते.
मध्यावर गेल्यावर दोन्ही पाय
एकदम वर उचलून घेते.
काय होतं, मी काठावरून ओरडतो.
ती नाव घेत नाही.